नॉबांचे बारा

गिटारच्या सरावासाठी मॉडेलिंग अ‍ॅम्प, म्हणजे जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांच्या आवाजाची नक्कल करणारा अ‍ॅम्प्लिफायर, घेताना दुकानदाराने सांगितले होते की, काही उमगले नाही तर सगळे नॉब घड्याळातल्या बारावर ठेवावेत. नॉबवरची पांढरी रेघ सरळ वर आली की आवाज समतोल होतो, असे त्याचे म्हणणे. या सल्ल्यावर विसंबून गिटार जोडली की बारा नेमके कोणाचे वाजतात, ते शेजाऱ्यांना विचारावे.

आवाज लहान-मोठा करायला एक नॉब पुरतो, अशी रेडिओवर वाढलेल्या माणसाची भाबडी समजूत असते. येथे गेन, व्हॉल्यूम आणि मास्टर असे तिघे त्याच कामावर नेमलेले असून, शिवाय वॅट निवडण्याचा खटका आहे आणि खुद्द गिटारवरचा व्हॉल्यूम वेगळाच. त्यांपैकी गेनचे काम आवाज मोठा करण्याचे नसून तो फाडण्याचे आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्पला पेलवणार नाही इतका सिग्नल दिला की लहरींचे माथे छाटले जात आणि त्यातून जो खरखरीत आवाज निघे, त्यावरच लोक लुब्ध झाले. ही फाटाफूट घरात किती ऐकू जावी, ते मास्टर ठरवतो. वॅटचा खटका पन्नासवरून पाचवर आणला म्हणजे आवाज दहा पटींनी उतरेल, असा हिशेब शाळेत शिकलेला माणूस करतो. कानाला मात्र तो जेमतेम निम्मा वाटतो, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना तेवढाही उतरलेला वाटत नाही.

त्यापुढे अ‍ॅम्पचा प्रकार निवडण्याचा नॉब येतो. त्यावरील ट्वीड म्हणजे १९५०च्या दशकातल्या फेंडर अ‍ॅम्पवर चढवलेले कापड, ब्लॅकफेस म्हणजे त्याच कंपनीच्या पुढच्या दशकातल्या अ‍ॅम्पची काळी दर्शनी पट्टी, आणि प्लेक्सी म्हणजे १९६०च्या दशकातल्या मार्शल कंपनीच्या अ‍ॅम्पवरची प्लॅस्टिकची पट्टी. आवाज कसा आहे हे कोणी सांगत नाही, अंगावर काय घातले होते तेवढे सांगतात.

नक्कल करणाऱ्यांच्या इमानदारीला मात्र दाद द्यावी लागेल, कारण त्यांनी जुन्या अ‍ॅम्पच्या खोडीही जशाच्या तशा उचलल्या आहेत. फेंडरच्या त्या जुन्या सर्किटमध्ये बेस, मिडल आणि ट्रेबल हे खालचे, मधले आणि वरचे सूर सांभाळणारे नॉब एकमेकांच्या कारभारात सतत लुडबुड करतात. तिघे बारावर ठेवले तरी मधले सूर खड्ड्यात जातात, आणि तिघे शून्यावर नेले तर अ‍ॅम्प जवळजवळ मुका होतो. खरोखर सपाट, म्हणजे सगळे सूर सारखे राखणारा, आवाज हवा असेल, तर बेस व ट्रेबल शून्याजवळ आणि मिडल पुरता दहावर न्यावा लागतो. हे ऐकून दुकानदार माझ्याकडे ज्या नजरेने पाहत राहिला, ती नजर सहसा वीमा एजंटाच्या वाट्याला येते.

इफेक्टच्या एकाच नॉबवर कोरस, फ्लँजर आणि फेजर या आवाजाला तरंग देणाऱ्या तीन करामती शेजारी शेजारी राहतात, आणि प्रत्येकीच्या हद्दीत रेघ पुढे न्यावी तशी ती फिकटाची गडद होत जाते. कोरस जरा गडद करावा म्हणून रेघ केसभर पुढे सरकवली की हद्द ओलांडली जाते आणि अगदी फिकट फ्लँजर सुरू होतो.

खरा छळ साठवलेल्या आवाजांचा. साठवलेला आवाज बोलावला की आतले आकडे बदलतात, पण वरचे नॉब जागचे हलत नाहीत. पडद्यावर गेन आठ, नॉबची रेघ दोनवर, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे! डरकाळी फोडणारा आवाज आणखी थोडा धारदार व्हावा म्हणून त्या नॉबला बोट लावले, की अ‍ॅम्पला एकाएकी रेघ दिसते, तो गेन आठवरून दोनवर आणतो आणि वाघाची शेळी होते.

शेजाऱ्यांच्या धाकाने आता हे सगळे रात्री चालते आणि हेडफोन लावून चालते. त्यामुळे माझ्या कानांत भरलेले मैदान दुमदुमत असताना घरच्यांना फक्त सुट्या तारांची टिंगटिंग ऐकू येते. परवा आईने दारातून डोकावून विचारले, “जुळल्या का रे तारा? मग वाजवायला कधी घेणार?”