'मिनिमम ड्यू भरा आणि निवांत राहा' म्हणणाऱ्या मेसेजला

रविवारी सकाळी भांडुपच्या भाच्याने मला एक मेसेज पुढे ढकलला. खाली लिहिलं होतं, "आत्या, हे खरं आहे ना? मी दोन महिने असंच करतोय." ते वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. हाच मेसेज आठवडाभरापूर्वी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला होता. मी न वाचता पुसून टाकला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं.

मथळा 'बँका लपवतात ती क्रेडिट कार्डाची 5 गुपितं', वर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह चिकटवलेलं. गुपितं अशी: नव्या नियमाप्रमाणे मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरली की उरलेल्या रकमेवर व्याज नाही. एका कार्डावर एटीएममधून रोकड काढून दुसऱ्याचं बिल भरत राहा, 50 दिवस पैसा फुकट. नो-कॉस्ट ईएमआयवर, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांवर, काहीच खर्च नाही. तीन वर्षं गप्प बसलं की कर्ज बुडतं, सात वर्षांनी सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, कोरी. आणि बँकेने कार्ड बंद करायला उशीर केला तर तीच तुम्हाला रोज 500 रुपये देते.

भाचा अडकला तो पहिल्यात. गणपतीत गावी जाताना खरेदी झाली, त्यात नवा फोन. बिल आलं 40,000. मिनिमम ड्यू 5 टक्के, म्हणजे 2,000. ते भरून पठ्ठ्या निवांत. उरले 38,000. त्याच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे व्याज 1,330. या व्याजावर 18 टक्के जीएसटी, आणखी 239. पुढच्या महिन्यात देणं 39,569. थोडक्यात, खिशातून गेले 2,000 आणि कर्ज उतरलं 431! हा हिशेबही मी सोपा करून मांडलाय. बिल पूर्ण भरलं नाही की व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून खरा आकडा याहून वाईटच निघतो.

असंच वर्षभर चालू ठेवलं आणि नवी एक पैचीही खरेदी केली नाही, तर बारा महिन्यांत साधारण 22,600 रुपये भरून झाल्यावरही 35,100 च्या आसपास देणं उरतं. नवी खरेदी केली, तर एरवी बिल भरेपर्यंत मिळणारी बिनव्याजी मुदत आधीच गेलेली असते. मागची बाकी असेपर्यंत आज घेतलेल्या तुरीच्या डाळीवरही आजपासून व्याज. हे त्याला माहीतच नव्हतं. मी तीस वर्षं पतपेढीत खतावण्या लिहिल्या, असला दर आम्ही लावला असता तर सभासदांनी वार्षिक सभेत खुर्च्या फेकल्या असत्या.

आता तो 'नवा नियम'. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डाबाबतचे निर्देश एप्रिल 2022 मध्ये निघाले. त्यात व्याजमाफीचा शब्द नाही. न भरलेले दंड, शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यांच्यावर पुन्हा व्याज लावू नये, असं मात्र आहे. बहुधा कुणीतरी तेवढंच वाचलं, तेही अर्धं. त्याच निर्देशांत असंही आहे की फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज चढेल, हा इशारा बँकेने बिलावरच छापायचा. म्हणजे ज्याला हे लोक 'लपवलेलं' म्हणतात, त्याच्या नेमकं उलट वाक्य भाच्याच्या बिलावर बारीक अक्षरांत होतं. मी त्याला फोनवर ते मोठ्याने वाचायला लावलं. आणि व्याजाला वरची मर्यादाही आता नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांची घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली.

मिनिमम भरल्याने एक होतं, तेवढं मान्य. उशिराचा दंड लागत नाही आणि खातं थकीत म्हणून सिबिलला कळवलं जात नाही. बस, तेवढंच.

रोकड काढायच्या युक्तीवर फार शाई नको. रोकडीला बिनव्याजी मुदत नसतेच, व्याज त्याच दिवसापासून, वर काढण्याचं शुल्क वेगळं. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज सवलतीच्या नावाखाली वळतं करतात, पण त्यावरचा जीएसटी आणि बहुतेकदा प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच सांगून ठेवलंय.

चौथा मुद्दा अर्धा खरा, म्हणून जास्त घातक. बँकेला वसुलीचा दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, पण मधे थोडी रक्कम भरलीत किंवा 'देणं आहे' असं लिहून दिलंत तर ती नव्याने सुरू होते. बँकेने पुस्तकात 'राइट ऑफ' केलं, म्हणजे येणं बुडीत लिहिलं, तरी ते माफ केलं असं नाही. सात वर्षं ही सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपन्यांनी नोंदी जपायची किमान मुदत आहे. त्यानंतर सगळं पुसलंच जाईल असं कुठेही लिहिलेलं नाही. हां, वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, हे खरं. पण जे कामाचं आहे तेच मेसेजात नाही!

आणि पाचवा? नाइलाजाने म्हणते, बरोबर आहे. अर्ज दिल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं नाही, तर बँकेला पुढे दर दिवसाला 500 रुपये द्यावे लागतात. फक्त खात्यावर काहीही देणं नसलं तर.

हे ऐकून भाचा लगेच म्हणाला, "मग आजच बंद करायला टाकतो." त्याला म्हटलं, आधी बँकेला फोन करून उरलेल्या रकमेचा हप्ता बांधून मिळतो का आणि किती टक्क्यांनी, ते विचार. तुझ्या ऑफिसच्या पतपेढीचा दरही विचार. दोन्हींतला स्वस्त घे, तोवर कार्ड तुझ्या आईच्या कपाटात. त्याने कार्ड खरंच वहिनीकडे दिलंय. ऑफिसच्या ग्रुपवर हे सगळं टाकायला मात्र अजून तयार नाही, कारण तो मेसेज त्याच्या साहेबांनी टाकला होता.