टेराफ्लॉप्स मोजून कन्सोल घेऊ नका

दिवाळी तोंडावर आली की माझ्या टेबलापाशी दुरुस्तीला आलेल्या, टीव्हीला जोडून गेम खेळायच्या कन्सोलपेक्षा सल्ला विचारायला आलेले आईबाप जास्त असतात. यंदा त्यातल्या निम्म्यांनी मोबाईल पुढे करून एकच मेसेज दाखवला. "भाऊ, हे पाहा बरं. यात जे सांगून राहिले, ते खरं आहे का?" सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, सगळीकडे तो फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा:

'ज्याचे टेराफ्लॉप्स जास्त तो कन्सोल चांगला. १२ मोठे की १०, हिशेब सोपा आहे. डिस्कवालं मॉडेल घेऊ नका, डिजिटल घ्या, १० हजार वाचतात. गेम विकत घ्यायचेच कशाला, महिन्याची वर्गणी भरा, सगळे गेम त्यातच येतात. निन्टेन्डो हे लहान पोरांचं खेळणं. मित्रांकडे काय आहे ते पाहू नका. आणि कन्सोलला देखभाल लागत नाही, लावा आणि विसरा.'

मी नागपुरात बरीच वर्षं कन्सोल उघडतो, साफ करतो, दुरुस्त करतो. ही वस्तू स्वस्त नाही. बोनस आला, पोराचे मार्क चांगले आले, म्हणून माणसं मन घट्ट करून ती घेतात. मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही, पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याने कुणाचा तरी पैसा चुकीच्या जागी जाणार आहे. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी टेराफ्लॉप्स, म्हणजे ग्राफिक्सची चिप सेकंदाला किती लाख कोटी हिशेब करू शकते तो आकडा. एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२ आणि प्लेस्टेशन ५ चे १०.२८ हे आकडे खरे आहेत. पण ते येतात कुठून, ते मेसेजमध्ये नाही. हा कुणी गेम चालवून मोजलेला वेग नाही, साधा गुणाकार आहे. ग्राफिक्सच्या चिपमध्ये हिशेब करणारे छोटे भाग किती, ते एका ठोक्यात किती क्रिया करतात आणि सेकंदाला ठोके किती, एवढंच त्यात येतं. प्लेस्टेशन ५ मध्ये असे २,३०४ भाग आहेत आणि ते २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत धावतात. सिरीज एक्समध्ये ३,३२८ आहेत, पण १.८२५ गिगाहर्ट्झवर. भागांचा आकडा गिगाहर्ट्झने गुणा, एका ठोक्यात दोन क्रिया म्हणून दोनाने गुणा आणि हजाराने भागा, १०.२८ आणि १२.१५ मिळतात. म्हणजे एकाकडे मजूर कमी पण हात चपळ, दुसऱ्याकडे मजूर जास्त पण हात जरा सावकाश. भिंत कोण आधी बांधेल हे विटा कोण किती वेगाने आणून देतो त्यावरही ठरतं, आणि तिथे पारडं उलटं झुकतं. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी, म्हणजे गेम साठवायची आतली जागा, सेकंदाला ५.५ गिगाबाइट वाचते, सिरीज एक्सची २.४. दोन्हींची चिप एएमडी या एकाच कंपनीची, मेमरीही १६-१६ गिगाबाइट. घरातल्या टीव्हीवर दोन्हींवर तोच गेम शेजारी शेजारी लावला, तर सहा फुटांवर सोफ्यावर बसलेल्या माणसाला फरक सांगता येणं कठीण आहे.

आणि आकडाच देव असता, तर सिरीज एस या धाकट्या एक्सबॉक्सचे टेराफ्लॉप्स फक्त ४ आहेत, तिच्यावर काही चालायलाच नको होतं. पण सिरीज एक्सचे गेम तिच्यावरही चालतात, चित्र थोडं कमी बारीक दिसतं इतकंच. मागचा इतिहासही हेच सांगतो. २००१ साली आलेला पहिला एक्सबॉक्स प्लेस्टेशन २ पेक्षा ताकदवान होता. तो विकला गेला सुमारे अडीच कोटी, प्लेस्टेशन २ गेला १५ कोटींच्या पुढे. लोकांनी गेम पाहून घेतला. पोराला कोणते गेम खेळायचे आहेत, ते कोणत्या कन्सोलवर येतात, हा पहिला प्रश्न. स्पायडरमॅन आणि गॉड ऑफ वॉर हवे असतील तर एक्सबॉक्सचे १२ टेराफ्लॉप्स काही कामाचे नाहीत, ते गेम तिथे नाहीतच. घरात जुन्या एक्सबॉक्स ३६० च्या डिस्क पडल्या असतील, तर त्यातल्या काही सिरीज एक्स चालवते. उलट प्लेस्टेशन ३ ची डिस्क प्लेस्टेशन ५ मध्ये चालत नाही, ४ ची चालते.

आता डिस्क. इथे मी जरा थांबणार आहे, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसताना मी पाहतो. डिजिटल मॉडेलला डिस्कची खाच नसते, गेम ऑनलाइन दुकानातून विकत घेऊन उतरवावा लागतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा डिस्कवालं मॉडेल ४९,९९० रुपयांना आणि डिजिटल ३९,९९० ला होतं. १० हजारांचा फरक, मेसेज म्हणतो तसा. पण त्याच वेळी प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीच्या मोठ्या नव्या गेमची छापील किंमत ४,९९९ होती. दोन गेम घेतले की वाचलेले १० हजार गेले. डिस्कवाला माणूस तेच दोन गेम खेळतो, संपवतो आणि विकतो. किंवा जुनी डिस्कच घेतो. नागपुरात हे लपूनछपून चालत नाही, बर्डीच्या बाजारात दुकानांतून चालतं आणि पोट्ट्यांच्या दप्तरांतूनही. नंदनवनचा एक पोरगा गेम घेतो, महिनाभर खेळतो, प्रतापनगरच्या मावसभावाला देतो, त्याच्याकडची आणतो. चार घरांत चार डिस्क, सोळा गेमइतकी मजा. डिजिटल गेम तुम्हाला विकता येत नाही, अदलाबदल करता येत नाही. तुम्ही विकत घेता तो फक्त खेळायचा परवाना, तुमच्या खात्याला चिकटलेला.

फुटबॉलचा गेम दरवर्षी नवा येतो. फिफा २३ हा त्या नावाचा शेवटचा, २०२३ पासून तो ईए स्पोर्ट्स एफसी झाला. नवा आला की जुन्या वर्षाच्या डिस्कचा भाव धाडकन पडतो. ज्या घरात नुसता फुटबॉल खेळतात आणि एक वर्ष मागे राहिलं तरी चालतं, त्या घरासाठी डिस्क म्हणजे वरदान आहे.

डाउनलोडचाही हिशेब करा. मोठा गेम १०० गिगाबाइटचा सहज असतो. घरी ५० एमबीपीएसची लाइन असेल आणि ती पूर्ण वेग देत असेल, तरी साडेचार तास लागतात, आणि तेवढा वेळ घरातल्या बाकी मोबाईलवाल्यांची ओरड ऐकावी लागते ती वेगळी. डिस्कवरून बराचसा माल थेट आत जातो, नंतरचे अपडेट तेवढे उतरवावे लागतात.

डिजिटल कुणीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. ऑनलाइन दुकानात सवलती येतात, आणि कधी कधी त्या डिस्कपेक्षा चांगल्या असतात. पोरगा फक्त फोर्टनाइटसारखे फुकट गेम खेळणार असेल, तर डिस्कची खाच त्याच्या काय कामाची? पण मॉडेल पाहून घ्या. प्लेस्टेशन ५ च्या नव्या बारीक डिजिटल मॉडेलला पुढे वेगळा डिस्क ड्राइव्ह लावता येतो, फक्त तो जोडताना एकदा इंटरनेट लागतं. सिरीज एसला तो कधीच लावता येत नाही. 'नंतर पाहू' म्हणायची सोय कुठे आहे आणि कुठे नाही, हे दुकानातच विचारा.

वर्गणीचा मुद्दा अर्धा खरा आहे. गेम पास ही एक्सबॉक्सची वर्गणी. तो २०१७ मध्ये सुरू झाला, आणि ज्याला दर महिन्याला वेगवेगळे गेम चाखायचे आहेत त्याला तो खरंच परवडतो. सुट्टीत दोन महिने भरा, मुलं पोटभर खेळतील, मग बंद करा. असं करणारी घरं मला माहीत आहेत आणि ती शहाणी आहेत. पण 'सगळे गेम येतात' हे साफ चूक. गेम त्या यादीत येतात आणि जातात. अर्ध्यावर खेळत असलेला गेम यादीतून गेला, तर पुढे खेळायला तो विकत घ्यावा लागतो. सोनी आपले मोठे गेम पहिल्या दिवशी प्लेस्टेशन प्लस या आपल्या वर्गणीत टाकत नाही. वर्गणी थांबली की तिच्यासोबत मिळालेले गेमही थांबतात. आणि दर आपल्या हातात नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पासची सगळ्यात वरची श्रेणी अमेरिकेत १९.९९ डॉलरवरून २९.९९ वर गेली, एका झटक्यात दीडपट.

यात आणखी एक गोष्ट आईबापांना कुणी सांगत नाही. विकत घेतलेला गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा असेल, तर प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हीकडे वर्गणी लागतेच. फुकट गेमना ती लागत नाही. कन्सोलच्या किमतीत हा वर्षाचा खर्च धरूनच बजेट करा. नाहीतर पाडव्याला कन्सोल येतो आणि भाऊबीजेला पोरगं पुन्हा पैसे मागतं.

निन्टेन्डोबद्दल मी थोडक्यात सांगतो. मार्च २०१७ मध्ये आलेला त्यांचा कन्सोल, स्विच, जगात १५ कोटींहून जास्त विकला गेला. एवढी लहान पोरं आणि एवढे हौशी आईबाप कुठून आले? मोठ्यांसाठीचा विचर ३ सुद्धा २०१९ पासून त्यावर आहे. ताकद कमी, पण तो टीव्हीला लावता येतो आणि उचलून हातातही घेता येतो. ज्या घरात एकच टीव्ही आहे आणि संध्याकाळी सात ते दहा त्यावर आजीच्या मालिका असतात, तिथे ही सोय १२ टेराफ्लॉप्सपेक्षा मोठी आहे. पुण्याच्या गाडीत रात्र काढायची असेल, तेव्हाही. माझी अडचण वेगळी आहे. निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे आणला नाही, इथे मिळतो तो बाहेरून आलेला. बिघडला तर कंपनीची वॉरंटी इथे चालेलच असं नाही, आणि गेमही महाग पडतात. तो घेऊ नका असं मेसेजला म्हणायचंच होतं, तर हे कारण द्यायला हवं होतं.

मित्रांचा मुद्दा. मेसेजमधलं हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. बारा-चौदा वर्षांचं पोरगं एकटं खेळायला कन्सोल मागत नाही, त्याला वर्गातल्या चौघांच्या गप्पांत बसायचं असतं. काही गेम वेगवेगळ्या कन्सोलवरून एकत्र खेळता येतात. फोर्टनाइट, रॉकेट लीग, माइनक्राफ्ट, ईए एफसीही. जीटीए ऑनलाइनमध्ये मात्र प्लेस्टेशनवाला आणि एक्सबॉक्सवाला भेटत नाहीत. म्हणून मित्रांकडे काय आहे ते आधी पाहा, आणि ते कोणता गेम खेळतात तेही विचारा. डिस्कची अदलाबदलही त्यांच्याशीच होणार आहे.

शेवटचा मुद्दा माझ्या रोजच्या कामाचा. 'लावा आणि विसरा.' नागपुरात? प्लेस्टेशन ५ च्या माहितीपुस्तिकेत वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश छापलेलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत तर दुपारी पंख्याची हवाही चटका देते. अशा वेळी खेळताना २०० वॅटच्या आसपास वीज खाणारी पेटी टीव्हीच्या बंद कपाटात ठेवली, तर ती स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते. पंखा बोंबलतो आणि एक दिवस ती खेळता खेळता बंद पडते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या कन्सोलची कहाणी अशीच असते.

त्यावर लोकांनी काढलेला उपाय आणखी वाईट: कन्सोल कूलरच्या झोतात ठेवणं. कूलर हवा थंड करतो ती ओली करून. तो ओलावा, बोअरच्या पाण्याचा क्षार आणि खसचा बारीक चुरा आतल्या पंख्यावर आणि पत्र्यांवर बसतो. धूळ त्यावर चिकटते आणि लेप होतो. असे लेप मी ब्रशने नाही, लाकडी काडीने खरवडून काढले आहेत. कूलर खोलीत असू द्या, कन्सोल झोताच्या बाजूला ठेवा, चारही बाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवा, कपाटाचं दार काढूनच टाका. मे महिन्यात भर दुपारी खेळू नका, ऊन उतरल्यावर खेळा. दोन-तीन महिन्यांनी बाहेरच्या जाळ्या कोरड्या ब्रशने झाडा. प्लेस्टेशन ५ ला धूळ साठायची वेगळी भोकं दिलेली आहेत, बाजूची पांढरी झाकणं काढली की ती दिसतात, व्हॅक्यूमने साफ होतात. त्याच्या आत मात्र हात घालू नका. चिपवर द्रवरूप धातू आहे, तो चुकून बोर्डावर सांडला तर वीज भलतीकडे वाहते आणि मशीन जातं.

परवा मानेवाड्याहून एक ताई मुलीला घेऊन आल्या. मेसेज होताच. मी मुलीलाच विचारलं, काय खेळतेस? ती म्हणाली, अमरावतीच्या दादासोबत फुटबॉल, आणि दर दिवाळीला तो त्याची जुनी डिस्क देतो. दादाकडे प्लेस्टेशन ४ आहे. टीव्ही साधा फुल एचडी, खोली वरच्या मजल्यावर, एसी नाही. ताईंना १२ टेराफ्लॉप्सवालं मशीन हवं होतं. मी म्हटलं, दादाच्या डिस्क त्या एक्सबॉक्सवर चालणारच नाहीत, प्लेस्टेशन ५ घ्या, डिस्कवालं. तेही आत्ता नको, घाई नसेल तर एखादी सूट येऊ द्या. तोवर कपाटाचं दार काढून ठेवा. मुलगी हसली. ताईंनी पर्सवरच वही ठेवून ते सगळं लिहून घेतलं.