‘कोड वाचा, सेन्सर बदला’: फिरत्या मेसेजमधलं काय चुकतं

व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला थोडक्यात असा. गाडी कितीही जुनी असो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्वस्तातला निळा ब्लूटूथ स्कॅनर लावा. जमत नसेल तर पेपरक्लिपने दोन पिना जोडा आणि डॅशबोर्डवरच्या चेक लाइटच्या, म्हणजे इंजिनातल्या बिघाडाचा इशारा देणाऱ्या दिव्याच्या, उघडझापा मोजा. बिघाडाच्या कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव येईल तो बदला. मग बॅटरीची निगेटिव्ह दहा मिनिटं काढून ठेवा. कोड गेला, गाडी बरी, मेकॅनिकचे पैसे वाचले.

यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच तो इतका पटतो.

‘गाडी कितीही जुनी असो’ हे पहिल्याच ओळीत कोसळतं. कार्ब्युरेटरची मारुती ८००, प्रीमियर पद्मिनी, मेकॅनिकल पंपावरच्या डिझेल जिपा यांच्यात ईसीएमच, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरच, नाही. कोड देणार कोण? २००० च्या आसपास एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्या आल्या, त्यांच्यात कोड असतात, पण ते कंपनीच्या स्वतःच्या भाषेत. कोड वाचण्याची सगळ्या गाड्यांना समान अशी पद्धत, ओबीडी-२, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या गाडीत १६ पिनांचं सॉकेट दिसलं तरी निळा स्कॅनर तिच्याशी बोलेलच असं नाही. सॉकेटचा आकार एक, बोली वेगळी.

स्कॅनर जोडला जात नसेल तर आधी मल्टिमीटरने १६ आणि ४ नंबरच्या पिनांमध्ये बॅटरीचे १२ व्होल्ट येतात का पाहा. येत नसतील तर बहुधा फ्यूज उडालाय. बऱ्याच गाड्यांत तो सिगारेट लायटर किंवा आतल्या दिव्याबरोबर सामायिक असतो. मग टॉर्च घेऊन सॉकेटमध्ये डोकवा. ६ आणि १४ च्या जागा रिकाम्या आणि ७ मध्ये पितळी पट्टी दिसली, तर गाडी के-लाइनवर, म्हणजे जुन्या एका वायरच्या बोलीत, बोलते. स्वस्त स्कॅनरमधल्या नकली चिपा नेमक्या तिथेच मुक्या होतात, बॉक्सवर काहीही छापलेलं असो.

पेपरक्लिपचा भाग खरा आहे, पण अर्धवट सांगितलेला. टोयोटाच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये १३ आणि ४ जोडायच्या असतात. त्या काळच्या होंडात दोन पिनांचा वेगळा कपलर (वायरींचा जोड) असतो. लांब उघडझाप म्हणजे दशक, छोटी म्हणजे एकक. मारुतीच्या एमपीएफआयमध्ये डायग्नोसिस कपलरची ठरलेली पिन अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला, जोडायची. १६ नंबरवर मात्र बॅटरीचा थेट सप्लाय आहे. मोजणी चुकून क्लिप तिथून ४ वर बसली की फ्यूज जातो आणि क्लिप बोटांना चटका देते. क्लिपऐवजी १ अँपिअरचा फ्यूज घातलेली वायर वापरा.

त्याही आधी दिवा खरा आहे का ते बघा. सेकंडहँड गाडीत चेक लाइटचा बल्ब काढून त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडण्याची युक्ती जुनी आहे. इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करू नका, ऑइल प्रेशर स्विचची वायर काढा. ऑइलच्या दिव्यासोबत चेक लाइटही विझला तर तो दिवा ईसीएमचा नाही.

मेसेजसोबत कोडची एक यादी फिरते, सगळ्या गाड्यांना एकच. १२ नंबर घ्या. सुझुकीत १२ म्हणजे सगळं ठीक. टोयोटाच्या जुन्या कोडांत १२ म्हणजे इंजिन फिरल्याचा सिग्नल मिळत नाही. तिथे सगळं ठीक असेल तर दिवा न थांबता एकसारखा लुकलुकतो. जनरल मोटर्सच्या १९९५ पर्यंतच्या अमेरिकन गाड्यांत १२ म्हणजे इंजिन बंद आहे म्हणून सिग्नल नाही, आणि इंजिन बंद ठेवूनच कोड वाचत असल्यामुळे तो येणारच. ती यादी उघडून मारुतीचा १२ शोधणारा माणूस न बिघडलेला सेन्सर विकत आणतो. सुझुकी प्रत्येक कोड तीनदा दाखवते, लहान नंबर आधी. तिन्ही वेळा लिहून घ्या, तेव्हा कुठे मोजणीवर भरवसा ठेवा.

आता मुख्य मुद्दा, ‘नाव येईल तो सेन्सर बदला’. खिसा रिकामा होतो तो इथेच.

पी०११८ म्हणजे कूलंट टेंपरेचर सेन्सर, हाय इनपुट. ईसीएमचं म्हणणं फक्त इतकंच आहे की या वायरवर मला जवळपास ५ व्होल्ट दिसतायत. ईसीएम ५ व्होल्ट सोडतो आणि सेन्सर ते खाली ओढतो. थंड असताना, म्हणजे २० अंशांना, त्याचा रेझिस्टन्स साधारण २ ते ३ किलोओहम असतो. ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. सेन्सर आतून तुटला, वायर तुटली किंवा कपलरची पिन गंजून हिरवी पडली, तरी तिन्ही वेळा कोड हाच, आणि स्कॅनरवर तापमान उणे ४० अंश. भर मे महिन्यात, विदर्भातसुद्धा.

इग्निशन ऑन ठेवून सेन्सरचा कपलर काढा आणि वायरिंगकडच्या दोन पिनांत मीटर लावा. ५ व्होल्ट आले तर वायरिंग ठीक, मग सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा. तोही ठीक निघाला तर कपलरच्या पिना सैल आहेत. शून्य आलं तर काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून लाल प्रोब दोन्ही पिनांना लावून पाहा. एकीवर ५ आले म्हणजे अर्थची वायर गेलीय. कुठेच आले नाहीत तर सिग्नलची वायर तुटलीय किंवा ईसीएममधूनच सप्लाय नाही. नवा सेन्सर यात काय करणार?

पी०१७१ आणखी फसवा. त्याचा अर्थ ‘मिश्रण पातळ’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि लोक सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर बदलतात. तो बिचारा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. व्हॅक्यूम पाइप चिरलाय, मॅनिफोल्डचं गॅस्केट हवा ओढतंय, पेट्रोल फिल्टर तुंबलाय, किंवा सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जोड फुटलाय. एक प्लग मिसिंग मारत असला तरी न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि तो ‘पातळ’ म्हणतो. स्कॅनर चालत असेल तर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, बघा: आयडलला +२० टक्के आणि २५०० आरपीएमला +५ वर आला तर हवेची गळती, रेस वाढवल्यावर ट्रिमही वाढला तर पेट्रोल कमी पडतंय. स्कॅनर नसेल तर इंजिन चांगलं गरम करून सेन्सरच्या सिग्नल वायरवर डिजिटल मीटर लावा. आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली व्हायला हवा. खालीच अडकला असेल तर एअर इनटेकमध्ये कार्ब क्लीनरचा अर्धा सेकंद फवारा मारा, गरम सायलेन्सरपासून लांब. मीटर ०.८ च्या पुढे उडाला तर सेन्सर धडधाकट आहे, पैसे खिशात ठेवा.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत हे सगळं पेट्रोलवर चालवून तपासा. किटचं ट्यूनिंग बिघडलं की मिश्रणाचे कोड येतात, आणि इम्युलेटर (पेट्रोल इंजेक्टर चालू असल्याचं ईसीएमला भासवणारा किटचा भाग) नीट नसेल तर पेट्रोल इंजेक्टर बंद पडल्याचेही. त्यात सेन्सरचा काही दोष नसतो.

बॅटरी काढली की जुन्या सुझुकीचे कोड जातात, हे मान्य. नव्या गाड्यांत अनेकदा जात नाहीत. सोबत जातं मात्र बरंच: ईसीएमने शिकलेला आयडल, फ्युएल ट्रिम, आणि कोड पडला त्या क्षणाची फ्रीझ फ्रेम, म्हणजे तेव्हाचा आरपीएम, तापमान, वेग. तो पुरावा आधी कागदावर उतरवा, मग पुसा. तुटलेल्या वायरचा कोड इग्निशन ऑन करताच किंवा दोन-तीन वेळा चालू केल्यावर परत येतो. पी०४२०, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा कोड, मात्र चाचणी पूर्ण होईपर्यंत गप्प बसतो आणि त्याला काही दिवसांचं ड्रायव्हिंग लागू शकतं. ‘दिवा गेला बघा’ म्हणणारे व्हिडिओ बॅटरी परत जोडल्यावर दहाव्या मिनिटाला काढलेले असतात.