सर्पदंशाचे ‘आठ सोनेरी नियम’ आणि त्यांतून होणारा घात

माझा पुतण्या आणि त्याचे मित्र जंगलातल्या पायवाटेने नदीकाठी जाऊन दोन दिवस गळ टाकून बसण्याच्या बेतात आहेत. त्या तयारीत त्याने मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, “काका, ब्लेड आणि रबरी पट्टी घेतली आहे, अजून काही लागेल का?” संदेशाचे शीर्षक होते ‘जंगलात किंवा पाण्यावर विषारी साप भेटला तर: जीव वाचवणारे आठ सोनेरी नियम’. तोच मजकूर मला याआधी निदान तीन गटांतून आला होता आणि मी तो न वाचताच सोडून दिला होता. आता घरातला मुलगा त्यावर भरवसा ठेवून पाठपिशवी भरतो आहे म्हटल्यावर गप्प बसणे शक्य नाही.

संदेशातले आठ नियम थोडक्यात असे आहेत. विषारी सापाचे डोके त्रिकोणी असते. दोन दातांचे व्रण असतील तरच दंश विषारी, नाहीतर अर्धा तास वाट पाहा आणि सूज आली नाही तर निश्चिंत व्हा. जखमेच्या वर घट्ट आवळा, चीर द्या आणि विष चोखून काढा. पाण्यातला साप चावू शकत नाही. विषारी साप माणसाचा पाठलाग करतो, म्हणून नागमोडी पळा. तंबूभोवती गंधक, फिनाईल आणि लसूण टाका. साप मारून डॉक्टरांकडे न्या, कारण साप ओळखल्याशिवाय उपचार होत नाहीत. शेवटी, उंच बूट घाला, हातात काठी आणि विजेरी ठेवा. हे नियम मी ओळीने घेणार नाही, कारण सगळे सारखेच घातक नाहीत. त्यांतला तिसरा माणसाचा पाय घालवू शकतो आणि दुसरा थेट जीव.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो. सापाचे विष कातडीवर सांडलेले नसते. विषदंत इंजेक्शनच्या सुईसारखे आत शिरतात, विष कातडीखालच्या आणि कधी स्नायूंच्या थरात सोडतात, आणि ते तिथून लगेच आजूबाजूच्या ऊतींत पसरू लागते. ते चोखून किती निघते याचा प्रत्यक्ष प्रयोग झालेला आहे. 2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ स्वयंसेवकांच्या पायात किरणोत्सारी खूण केलेले, विषासारखे पण निरुपद्रवी द्रावण टोचले आणि तीनच मिनिटांनी बाजारात मिळणारा शोषक पंप लावला. पंपात रक्तमिश्रित पाणी जमा झाले, पाहणाऱ्याला विष निघाले असेच वाटले असते, पण त्यात टोचलेल्या द्रावणाचा अंश भरला 0.04 टक्के. खास त्या कामासाठी बनवलेल्या पंपाची ही गत असेल, तर घाबरलेल्या मित्राच्या तोंडाने काय निघणार? तोंडातले जंतू जखमेत जातील, हे मात्र नक्की.

चीर देणे त्याहून वाईट. घोणस आणि फुरसे यांच्यासारख्या सापांचे विष रक्त गोठवणारे घटक वापरून संपवून टाकते. रुग्णालयात याची एक अगदी साधी चाचणी करतात. शिरेतून काढलेले थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत घालून ती वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग एकदाच तिरकी करतात. निरोगी माणसाचे रक्त तोवर थिजून नळीच्या तळाशी धरून बसलेले असते, तर अशा दंशाच्या रुग्णाचे रक्त पाण्यासारखे काठाकडे वाहत येते. ज्याचे रक्त नळीत गोठत नाही, त्याच्या पायावर ब्लेडने दिलेली चीर कशी थांबणार, याचा विचार संदेश लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. शिवाय अंधारात, थरथरत्या हाताने दिलेल्या चिरेखाली शिरा आणि स्नायूबंध असतात, ते वेगळेच.

आता आवळण्याविषयी. इथे नाइलाजाने एक अर्धसत्य मान्य करावे लागते. 1979 साली ऑस्ट्रेलियातील संशोधक स्ट्रुअन सदरलँड यांनी दाखवून दिले की रुंद लवचिक पट्टी मुरगळलेल्या पायाला बांधतात तितक्या ताणाने संपूर्ण हातापायावर गुंडाळली आणि तो अवयव फळी बांधून निश्चल ठेवला, तर विष शरीरात पसरण्याचा वेग मंदावतो. तिथल्या सापांसाठी, ज्यांचे विष मुख्यतः चेतासंस्थेवर घाला घालते, ही पद्धत आजही वापरतात. पण संदेशात सांगितलेली गोष्ट ही नव्हेच. संदेशात आहे ती जखमेच्या वर, दोरीने किंवा रबराने, ‘रक्तप्रवाह थांबेपर्यंत’ मारलेली गाठ. तिने हातापायाचा रक्तपुरवठा तुटतो, वेदना असह्य होतात, आणि ऊती कुजवणारे विष असेल तर ते एकाच जागी कोंडून राहते. असा आवळलेला पाय तासन्‌तास तसाच राहिल्यावर शेवटी कापावा लागल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. त्यातही धोक्याचा क्षण येतो तो गाठ सुटताना, कारण अडवलेले विष तेव्हा एकदम रक्तात उतरते आणि चेतासंस्थेवर परिणाम करणारे असेल तर रुग्णाचा श्वास पाहता पाहता अडखळू शकतो. म्हणून बांधून आणलेल्या रुग्णाची गाठ डॉक्टर आधी सलाईन, प्रतिविष आणि श्वास देण्याची साधने तयार ठेवूनच सोडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाने 2016 मध्ये सर्पदंशाच्या उपचारांबाबतची मार्गदर्शक तत्त्वे सुधारून प्रसिद्ध केली. चिरा, चोखणे, घट्ट आवळणे, विजेचे झटके, जखमेवर रसायने किंवा बर्फ हे सगळे प्रकार त्यांत सरळ बाद ठरवलेले आहेत. ज्याला माझ्याशी वाद घालायचा असेल, त्याने तो दस्तऐवज आधी वाचावा. नुसत्या ‘आमच्या आजोबांनी चोखून एकाला वाचवले होते’ या दाखल्याला अर्थ नाही. विषारी सापही कित्येकदा विष न सोडता चावतो आणि बिनविषारी साप तर सदैव तसाच चावतो. असा माणूस वाचणारच होता. श्रेय मात्र ब्लेडला मिळाले.

आता दुसरा नियम, म्हणजे व्रण पाहून अर्धा तास थांबणे. हा नियम ज्याने लिहिला त्याने मण्यारीचे नाव ऐकलेले नसावे. मण्यारीचे दात बारीक असतात. दंशाची जागा पुष्कळदा डास चावल्यासारखी दिसते, कधी दिसतच नाही, वेदना नसते आणि सूजही येत नाही. संदेशाच्या हिशेबाने हा रुग्ण ‘निश्चिंत’ झाला. काही तासांनी त्याच्या पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, समोरची वस्तू दोन-दोन दिसते, थुंकी गिळता येत नाही, मान सावरत नाही, आणि त्यानंतर छातीचे स्नायू थकतात. अशा अवस्थेत रुग्ण हालचाल करत नाही, डोळे उघडत नाही, आणि मेला असे समजून लोक हात टेकतात, जेव्हा तो आत पूर्ण शुद्धीवर असू शकतो आणि कृत्रिम श्वास दिल्यास वाचूही शकतो. म्हणूनच दंशाची शंका असलेल्या माणसाला लक्षणे नसली तरी रुग्णालयात साधारण चोवीस तास नजरेखाली ठेवतात. व्रणांच्या संख्येवरून निष्कर्ष काढणे हा तर पोरखेळच आहे: विषारी सापाचा एकच दात लागू शकतो, तो दोनदा चावून चार व्रण उठवू शकतो, आणि बिनविषारी सापाच्या दातांच्या रांगेतले दोनच व्रण ठळक दिसू शकतात.

त्रिकोणी डोक्याचे तसेच. घोणसीच्या कुळाला ती खूण लागू पडते, एवढे मान्य. पण नाग, मण्यार, मांबा, प्रवाळसर्प आणि समुद्रसर्प यांपैकी कोणाचेही डोके तसे ठळक त्रिकोणी नसते, उलट अजगराचे डोके बऱ्यापैकी त्रिकोणी असते आणि डिवचल्यावर डोके चपटे करून घोणसीचा आव आणणारे निरुपद्रवी साप जगभर आहेत. ओळखण्यात जाणकारही फसतात. कॅलिफोर्नियातील विज्ञान अकादमीचे सर्पतज्ज्ञ जो स्लोविन्स्की 2001 च्या सप्टेंबरात म्यानमारच्या उत्तरेकडील दुर्गम जंगलात मोहिमेवर होते. पिशवीत पकडून आणलेला लहानसा साप कवड्या सापाच्या नात्यातल्या एका बिनविषारी जातीचा असावा, अशी समजूत झाली होती. त्यांनी पिशवीत हात घातला आणि तो त्यांच्या बोटाला चावला. तो निघाला मण्यार. थोड्या तासांत पक्षाघात सुरू झाला, सहकाऱ्यांनी तोंडाने श्वास देत त्यांना तासन्‌तास जगवले, खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर पोहोचू शकले नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्यांनी आयुष्य सापांवर घातले त्यांच्या तुकडीला एका नजरेत जे जमले नाही, ते गवतातून सर्रकन गेलेल्या सापाचे डोके पाहून आपल्याला जमेल, असे हा संदेश आपल्याला सांगतो.

साप मारून नेण्याचा नियम याच समजुतीतून आलेला आहे. सापाची जात कळली तर डॉक्टरांना मदत होते, हे खरे, आणि सुरक्षित अंतरावरून आपसूक छायाचित्र मिळाले तर ते जरूर दाखवावे. पण उपचार ठरतात ते मुख्यतः रुग्णाची लक्षणे आणि रक्ताची चाचणी यांवरून, आणि पुष्कळ ठिकाणी वापरले जाणारे प्रतिविष एकापेक्षा जास्त जातींवर चालणारे असते. सापामागे काठी घेऊन धावण्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावून घेतो. तोडलेले डोकेसुद्धा बराच वेळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते, ते पिशवीत घालून नेणाऱ्याला हे कोण सांगणार?

गळ टाकणाऱ्यांसाठी संदेशात जी खास सोय केली आहे, ती म्हणजे ‘पाण्यात तोंड उघडले तर सापाच्या पोटात पाणी जाते, म्हणून तो चावत नाही’. मग मासे खाणारे साप मासे धरतात कशाने? सापाच्या श्वासनलिकेचे तोंड पाण्याखाली घट्ट मिटते आणि तो आरामात जबडा उघडतो. समुद्रसर्प तर पाण्यातच शिकार करतात आणि जाळ्यातून मासे सोडवताना कोळ्यांना त्यांचे दंश होतात. पाण्यात दिसणारा साप बहुतेक वेळा दिवडीसारखा बिनविषारी असतो, हे अनेक गोड्या पाण्यांबाबत खरे आहे, पण नागही उत्तम पोहतो. पकडलेले मासे दोरीला ओवून किंवा जाळीत घालून पाण्यात सोडलेले असतात, तिकडे साप येतो. तेव्हा ती जाळी न पाहता हाताने ओढू नये, आणि गळाला सापच लागला तर गळ सोडवण्याच्या भानगडीत न पडता दोरी लांबून कापून टाकावी. एका गळाची किंमत ती काय!

पाठलागाविषयी एकच अभ्यास सांगतो. अमेरिकेतल्या पाणथळ जागी राहणाऱ्या आणि ‘अंगावर धावून येणारा’ म्हणून बदनाम असलेल्या कॉटनमाउथ नावाच्या विषारी सापाची परीक्षा दोन शास्त्रज्ञांनी मुद्दाम घेतली आणि ती 2002 मध्ये प्रसिद्ध केली. समोर गेल्यावर 45 पैकी 23 सापांनी पळ काढण्याचा प्रयत्न केला, आणि कृत्रिम हाताने केलेल्या चाचणीत 36 पैकी 13 सापांनीच त्या हाताला दंश केला. साप आपल्या दिशेने येतो तो बहुधा आपल्यामागच्या बिळाकडे किंवा पाण्याकडे निघालेला असतो. दोन-तीन पावले मागे सरून त्याला वाट द्यावी. खडकाळ वाटेवर नागमोडी पळणारा माणूस सापाऐवजी स्वतःचाच घोटा मोडून घेतो. गंधक, फिनाईल आणि लसूण यांनी साप दूर राहतो याला आधार नाही. तंबूची चेन लावून घेणे आणि बूट घालण्यापूर्वी झटकणे यांनी जास्त काम होते.

आठवा नियम बरोबर आहे आणि तेवढा ठेवावा. बहुतेक दंश पायावर आणि हातावर होतात, म्हणून घोट्यावर जाणारे बूट, अंधारात विजेरी, पाऊल टाकण्याआधी गवतात काठी, आणि दगडाच्या फटीत किंवा ओंडक्याखाली हात न घालणे, याहून मोठे संरक्षण नाही.

दंश झालाच, तर सापापासून दूर व्हावे, अंगठी, घड्याळ, पैंजण काढावे, दंशाची वेळ लिहून ठेवावी, हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीला सैलसर बांधून निश्चल ठेवावा आणि माणसाला चालवत न नेता उचलून न्यावे. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवावे. दुखण्यावर अॅस्पिरिन देऊ नये, कारण त्याने रक्तस्राव वाढतो. दारूही देऊ नये. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर असे की ब्लेड आणि रबरी पट्टी घरी ठेवावी. त्यांच्या जागी एक फोन आधीच करावा: जिथे जाणार आहोत तिथून सर्वांत जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आणि श्वसनयंत्र दोन्ही आहेत, तिथे रात्री डॉक्टर असतात का, आणि नदीपासून गाडीच्या रस्त्यापर्यंत माणूस उचलून आणायला किती वेळ लागेल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फोनवर मिळणार नाही. ते नकाशावरून काढावे लागेल, आणि ते दोन-तीन तासांचे निघाले तर गळ टाकायची जागा बदलावी.