“ठराव झाला म्हणजे विषय संपला” या मेसेजला माझं उत्तर

आठ-दहा दिवस झाले एक मेसेज आपल्या भागातल्या सगळ्या ग्रुपवर फिरायलाय, मला एकट्याला चार ठिकाणांहून आला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नगरपरिषदेत ठराव मंजूर झाला की तो कुणालाच रद्द करता येत नाही. करायचंच असेल तर थेट हायकोर्ट, दोन-तीन लाख तयार ठेवा. ठरावाची नक्कल फक्त नगरसेवकाला मिळते. एकट्याचा अर्ज घेत नाहीत, शंभर सह्या लागतात. आणि शेवटी, जमलं तर लोकशाही दिनात अर्ज टाका, त्याला मुदत वगैरे काही नसते.

मला याचा खरंच राग आलाय. चुकीची माहिती बरीच फिरते, पण ही वाचून माणूस घरी बसतो, आणि घरी बसण्यातच त्याची मुदत निघून जाते.

पहिला मुद्दा, ठराव रद्द होत नाही. साफ चूक. आपल्याकडच्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या कायद्याने चालतात, त्यात कलम ३०८ आहे. ठराव बेकायदेशीर असेल, लोकांना त्रास होणार असेल, शांतता बिघडणार असेल, तर जिल्हाधिकारी लेखी आदेश काढून त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. ग्रामपंचायतीच्या कायद्यात कलम १४२ याच धर्तीचं आहे. महानगरपालिकेचा कायदा वेगळा, १९४९ चा, तिथं कलम ४५१ खाली राज्य सरकार ठराव निलंबित करतं (तात्पुरता थांबवतं) किंवा विखंडित करतं (रद्दच करतं). पेपरात “ठराव विखंडित” असा शब्द वाचला असेल, तो हाच. आता हे नीट लक्षात घ्या, कारण इथंच लोक दार चुकतात. जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झाली, म्हणजे तिथल्या माणसानं जुना नमुना बघून ३०८ चा अर्ज लिहिला तर तो मुळातच चुकीच्या कायद्याखाली गेला. लातूर, परभणी, नांदेड, संभाजीनगर, सगळीकडे तेच. आधी बघा आपल्या गावाला काय आहे, मग कलम लिहा.

नक्कल फक्त नगरसेवकाला मिळते हा दुसरा मुद्दा, आणि याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आमचं सगळं प्रकरण नकलेवरच फिरलं. आमच्या कॉलनीच्या लेआउटमधी एक खुली जागा आहे, पोरं तिथं क्रिकेट खेळतात, संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात. एक दिवस कळलं की तिथं व्यापारी गाळे बांधायचा ठराव झालाय. सगळे म्हणायलेत झालं, आता काय करणार. आम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला दोन रुपये, एवढाच खर्च. ठरावाची प्रत, त्या सभेची विषयपत्रिका आणि मंजूर लेआउटचा नकाशा, अशा तीन गोष्टी मागितल्या. तीस दिवसांत द्यायला पाहिजे होतं, दिलं नाही, मग वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी कागद घरी आले. (पहिल्या अपिलातही नसते मिळाले तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील होतं, आयोगाचं खंडपीठ संभाजीनगरला आहे, मुंबईला जायची गरज नाही.)

कागद हातात आल्यावर समजलं की हा विषय विषयपत्रिकेवर नव्हताच, ऐनवेळच्या विषयात घेतला होता. आणि ठरावात आमच्या जागेचं वर्णन “नगरपरिषदेची पडीक जागा”, तर मंजूर नकाशात त्याच जागेवर स्पष्ट लिहिलेलं “खुली जागा”. त्या दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवल्या तेव्हा आमच्या अर्जाला जीव आला. नुसतं “अन्याय झाला” लिहिलं असतं तर कुणी वाचलंही नसतं.

शंभर सह्यांची अट कुठल्याही कलमात नाही, एका माणसाचा अर्ज पुरतो. जास्त सह्या असल्या तर चांगलंच, पण त्या गोळा करण्यात महिना घालवू नका.

सह्यांपेक्षा पोच महत्त्वाची. जिल्हाधिकारी कार्यालयात नगरपालिका प्रशासनाची शाखा असते, आमचा मूळ अर्ज तिथं दिला आणि एक प्रत मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं नगरपरिषदेत द्यायला गेलो. आवक टेबलवरचा माणूस म्हणे साहेब नाहीत, ठेवून जा. आमच्यासोबत गल्लीतल्या एक काकू होत्या, रिटायर्ड शिक्षिका, त्या म्हणल्या ठेवतो बाबा, पण आमच्या कॉपीवर शिक्का मार. त्यानं शिक्का मारला, काकूंनी बघितला आणि कागद परत सरकवला, म्हणल्या तारीख कुठंय, आवक नंबर कुठंय. तिसऱ्या खेपेला सगळं आलं, शिक्का, नंबर, तारीख, सही. पुढं जिल्हाधिकाऱ्यांकडच्या सुनावणीत नगरपरिषदेकडून सांगितलं गेलं की आम्हाला असा अर्ज मिळालेलाच नाही. काकूंनी पिशवीतून तो कागद काढून टेबलवर ठेवला. स्थगिती मिळाली. विषय अजून पूर्ण संपलेला नाही, पण आज तिथं गाळे नाहीत.

आता हायकोर्ट आणि लाखो रुपये. औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येते, नाही कोण म्हणतंय, पण खालचा मार्ग असताना तो न वापरता गेलात तर बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच येतो की तिथं का नाही गेलात. खालचा मार्ग वापरून, त्याचे कागद घेऊन गेलेल्याची बाजू भक्कम असते. आणि पैशाचं म्हणाल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यात महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, प्रत्येक जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. आपल्याकडं किती बायांना हे माहिती आहे? मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे फॉरवर्ड केलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक आहे, लोकशाही दिन आणि मुदत नाही हा. लोकशाही दिन चांगली गोष्ट आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांसमोर उभं राहता येतं. पण तिथं अपिलाची प्रकरणं आणि कोर्टात असलेले विषय घेतच नाहीत. म्हणजे ज्याला अपील करायचं होतं तो तिथं अर्ज टाकून वाट बघत बसतो, आणि दोन महिन्यांनी “योग्य त्या प्राधिकरणाकडे जावे” असं पत्र येतं, तोवर मुदत गेलेली.

मुदती कशा आहेत बघा. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतीला तीस दिवस. बांधकाम परवानगी नाकारली तर नगररचना कायद्याच्या कलम ४७ खाली सरकारकडे अपील, आदेश मिळाल्यापासून चाळीस दिवस. महानगरपालिकेच्या घरपट्टीवर कोर्टात अपील करायला फक्त पंधरा दिवस, आणि त्याआधी आयुक्तांकडे तक्रार केलेली पाहिजे शिवाय कराची रक्कम भरलेली पाहिजे, नाहीतर अपील ऐकतच नाहीत. उशीर झाला तर काही ठिकाणी विलंब माफीचा अर्ज चालतो, पण मेसेज वाचून थांबलो होतो हे कारण कुणी मान्य करणार नाही.

आणि शब्दांचा घोळ करू नका, अर्ज त्यानंच परत येतो. पुनर्विलोकन म्हणजे ज्यानं निर्णय दिला त्यालाच परत बघायला सांगणं. पुनरीक्षण म्हणजे वरच्यानं खालच्याचे कागद मागवून तपासणं. अपील हे कायद्यानं ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडंच होतं.

मेसेजमधलं एक खरं आहे, वेळ लागतो. आम्हाला पाच तारखा पडल्या, दोनदा तर नुसतं बसून परत आलो, आणि काकूंचे गुडघे दुखतात तरी त्या प्रत्येक वेळी आल्या.

आमच्या अर्जाचा नमुना माझ्याकडं आहे, गावाचं नाव आणि माणसांची नावं काढून ठेवलाय. ज्यांच्या हातात सध्या एखादी नोटीस किंवा आदेश आहे त्यांनी आधी त्यावरची तारीख बघा आणि मला आजच मेसेज करा, रात्री उशीर झाला तरी पाठवतो.