बाळाला पीठ चोळणं थांबवा, हात जोडून सांगतेय

आज दुपारी चुलत नणंदेचं बाळ बघायला गेले होते. 20 दिवसांची मुलगी. झबली, टोपडं, डिंकाचे लाडू असं सगळं घेऊन गेले, हातपाय धुतले, बाळ मांडीवर घेतलं आणि दोन मिनिटं पण झाली नसतील, चुलत सासूबाई म्हणाल्या, "रंग जरा बापावर गेलाय, पण बाईला सांगितलंय मसुराचं पीठ चांगलं चोळून लाव म्हणून, सव्वा महिन्यात बघ कशी उजळते." खोलीत पाच बायका होत्या, सगळ्यांनी माना डोलावल्या. नणंद कॉटवर कानाला रुमाल बांधून बसलेली, तिने नुसतं खाली बघितलं. आणि मी गप्प बसले. जिच्या स्वतःच्या पोरीची पाठ त्याच पिठाने सोलून निघाली होती ती मी चहा प्यायले, बाळाच्या मुठीत 100 ची नोट ठेवली आणि घरी आले. संध्याकाळपासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसलेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझं बाळंतपण साताऱ्याला, माहेरी. जानेवारीची थंडी. न्हाऊ घालायला मावशी यायच्या, आमच्या आळीतली अर्धी पोरं त्यांच्या पायावर न्हालेली. मोरीत पाटावर बसून पाय लांब करायच्या, बाळाला पायावर पालथं घ्यायच्या, आधी कोमट तेल, मग जरासं डाळीचं पीठ सायीत कालवून, मग पाणी. पहिले दोन आठवडे सगळं छान चाललेलं, खरंच छान, पोरगी न्हाली की तीन-तीन तास झोपायची. मग आत्या राहायला आली. तिने दुपटं उघडलं, खांद्यावरची, पाठीवरची लव बघितली आणि म्हणाली, "पोरीची जात आहे गं, ही लव आत्ताच काढली नाही तर जन्मभर राहील. आणि रंगाचं पण बघायला नको का." दुसऱ्या दिवशी पितळेच्या वाटीत मसुराचं पीठ आलं. घरच्या मिक्सरवर काढलेलं, जाडसर, बोटात घेतलं की रवा लागावा तसं.

मी आत शेगडीचा शेक घेत होते आणि मोरीतून तिचं रडणं येत होतं. ते रोजचं रडणं नव्हतं. भूक लागल्याचं नाही, पाणी डोक्यावर आल्याचं पण नाही. मी आईला म्हटलं, आई काहीतरी होतंय तिला. आई म्हणाली न्हाताना सगळीच रडतात, तू झोप. तीन दिवस मी ते ऐकलं. चौथ्या दिवशी दूध पाजायला घेताना दुपटं तिच्या पाठीला चिकटलं होतं. हळू सोडवलं तर खाली लाल, ओलं, आणि दोन ठिकाणी रक्ताचे टिपके. 22 दिवसांची होती हो ती.

डॉक्टरांनी पाठ बघितली, आमच्याकडे बघितलं, आणि एकच विचारलं, काय चोळलंत? जखमेत इन्फेक्शन होतं. मलम लिहून दिलं, ड्रॉप्स दिले, आणि पीठ, साबण, पावडर, धुरी सगळं बंद करायला सांगितलं. पाठ बरी झाली की फक्त खोबरेल. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय. ती लव जन्माच्या आधीपासूनची असते, पोटात असतानाच येते, आणि काही आठवड्यांत आपोआप झडून जाते. पीठ लावा नाहीतर लावू नका, ती जाणारच. आपण महिनाभर पीठ चोळतो, महिन्याभराने लव गेलेली असते आणि आपण म्हणतो बघा पिठाने गेली!! रंगाचं पण तेच. जन्मल्यावर बाळ लालबुंद दिसतं, मग पुढचे कित्येक महिने त्वचेतलं रंगद्रव्य हळूहळू वाढत जातं आणि आई-बापाकडून जो रंग आलाय तो दिसायला लागतो. तो पिठाने बदलत नाही, केशराने नाही, बाळंतपणात काय खाल्लं त्याने तर अजिबातच नाही.

आणि आता मला राग येतोय तो खरा या रंगाचाच येतोय. 20 दिवसांचं बाळ आहे ते! तिला अजून माणसं नीट दिसत नाहीत आणि आपण तिच्या रंगावर पंचायत भरवलीय. 1975 पासून ती गोरं करणारी क्रीम या देशात विकली गेली, 2020 मध्ये नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते ना, वा वा म्हणून? मग बाळंतिणीच्या खोलीत काय चाललंय ते कोण बघणार? तिथे अजून 'दबलेला रंग', 'उजळ', 'बापावर गेली' हेच चालतं, आणि ते म्हणणाऱ्या आपल्याच प्रेमाच्या बायका असतात, त्यामुळे तोंड उघडायचं कसं तेच कळत नाही. आज माझं तेच झालं.

हो, आपल्या सगळ्यांना पीठ लावलं होतं आणि आपण धडधाकट आहोत, मान्य. बारीक दळून वस्त्रगाळ केलेलं, सायीत कालवून नुसतं हलक्या हाताने फिरवलं तर बऱ्याच बाळांना काही होत नाही हेही मान्य. पण चोळणं, रंगासाठी चोळणं, रडतंय तरी चोळणं, हे नाही.

मग लावायचं काय, असं मला दर वेळी विचारतात, इनबॉक्समध्ये पण विचारतात, तर सांगते. माझ्या पोरीचं पहिल्या वर्षाचं सगळं सामान एका स्टीलच्या डब्यात मावायचं. पहिलं म्हणजे खोबरेल, घाण्याचं, वासाचं काही न घातलेलं. मोहरीचं तेल लोक सांगतात पण ते नवजात बाळाच्या त्वचेला त्रास देऊ शकतं, आणि आता खूप जण ऑलिव्ह ऑइल आणतात महागाचं, तेही लहान बाळाला चांगलं नाही म्हणतात. आपल्याकडे घरात खोबरेल असताना कशाला पाहिजे? तळहातावर घ्यायचं, हात चोळून गरम करायचे आणि मग पायापासून वर. यात जोर लावायचाच नसतो. बाळाची त्वचा आपल्यापेक्षा पातळ असते, पाणी लवकर सोडते आणि वरून लावलेलं लवकर आत घेते. म्हणून तर वासाचं, रंगाचं काही नको वाटतं मला.

दुसरं, सोप-फ्री बार. मी सेबामेडचा वापरला, बाकीच्यांचे पण मिळतात. आपला साधा अंगाचा साबण पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप) 9-10 च्या घरात असतो आणि त्वचेचा साडेपाचच्या आसपास, म्हणून साबणाने अंग ताणल्यासारखं होतं. बाळाला तर रोज साबण लागतच नाही, ते कुठे मातीत लोळून येतं? मान, काखा, जांघा, ढुंगण, बस्स. आणि जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालायची घाई पण नको, डब्ल्यूएचओ निदान 24 तास थांबा म्हणते. ते पांढरं लोण्यासारखं जे अंगावर असतं ना ते घाण नसतं, बाळाचं पहिलं क्रीमच असतं ते.

तिसरं झिंक ऑक्साइडची क्रीम, डायपरच्या जागेसाठी. पण खरं औषध म्हणजे दुपारी तासभर डायपर काढून पंचावर मोकळं ठेवणं. शी आणि शू एकत्र राहिली की त्वचा जळते, क्रीम फक्त मधे भिंत घालते. कुणी 'माझ्या बाळाला ही ट्यूब लागू पडली' म्हणून मेडिकलमधून मिक्स क्रीम आणून देत असेल तर ट्यूबवर बारीक अक्षरात स्टेरॉइडचं नाव आहे का ते आधी बघा, असल्या क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्याच नसतात. बाळाला तर विचारूच नका.

पावडर नाही. कितीही छान वास असला तरी नाही. ती उडते आणि बाळाच्या श्वासात जाते. टाल्कवाली तर जॉन्सनने पण 2023 मध्ये जगभर बंद केली. काजळ डोळ्यात नाही, आजीचा जीव राहावा म्हणून आम्ही तळपायाला तीट लावायचो. धुरी बाळाच्या खोलीत नाही. आणि सहा महिन्यांच्या आत सनस्क्रीन नाही, सावली आणि टोपडं.

झालं बाळाचं. आता आईचं, आणि यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलणार.

माझी पोरगी पाठ सोलून रडत होती तेव्हा माझ्या छातीला दोन्हीकडे चिरा पडल्या होत्या. पाजायला घेतलं की डोळ्यांतून पाणी यायचं. सगळं घर बाळाच्या रंगासाठी वाटी घेऊन उभं होतं आणि मला एकीनेही विचारलं नाही की तुला कुठे दुखतंय का. शेवटी हॉस्पिटलमधल्या एका नर्सने बाळाचं तोंड नीट कसं लावायचं ते दाखवलं, निपल एकटं नाही, भोवतीचा काळा भाग पण तोंडात गेला पाहिजे, आणि लॅनोलिनची छोटी ट्यूब सांगितली. मेंढीच्या लोकरीतून निघतं ते, मेणासारखं, पाजायच्या आधी पुसावं लागत नाही. मला कुणी विचारलं की आईला काय गिफ्ट देऊ तर मी ती ट्यूब सांगते. झबली 15 येतात हो, सगळी महिन्याभरात आखूड होतात.

नंतर गालांवर वांग आले. चौथ्या महिन्यात केस मुठीमुठीने गेले, ते तसे जातात आणि परत येतात हे मला आधी माहीत असतं तर मी मोरीत बसून रडले नसते. वांगासाठी फक्त सनस्क्रीन लावते, एसपीएफ 50, रोज, घरात असले तरी. रेटिनॉलवाल्या क्रीम तर दिवस असतानाच बंद केल्या होत्या. टाचांना कैलास जीवन, तो वास आला की मला माझी आजी आठवते, पण त्यात कापूर असतो म्हणून बाळाला नाही आणि लावल्यावर पायात मोजे. स्ट्रेच मार्क्सना मी चार बाटल्या तेल संपवलं, फिके झाले, गेले नाहीत, आता मी त्यांच्याकडे बघत नाही. "आता आई झालीस, कुणासाठी नटायचंय" हे मी दोन वेळा ऐकलंय. चिरा पडलेल्या टाचेला क्रीम लावणं म्हणजे नटणं असेल तर असू दे.

एक मात्र सांगितलंच पाहिजे. वर मी मावशींबद्दल लिहिलंय ते वाचून कुणी त्यांना बोलेल म्हणून सांगते. पाठ बघितल्यावर त्या मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडल्या. म्हणाल्या, "मला कळत होतं गं, पण घरच्या मोठ्या माणसांनी वाटी हातात दिल्यावर मी काय बोलू." तेव्हा पहिल्यांदा मी त्यांचे हात नीट बघितले. दिवसाला पाच-सहा घरं, सगळीकडे कढत पाणी, साबण, पीठ. बोटांची पेरं फाटलेली, नखांच्या कडेने काळ्या चिरा. त्याच हातांनी त्या रोज माझी कंबर रगडायच्या. आईने माझ्यासाठी शतधौत घृत केलं होतं, तांब्याच्या परातीत तूप घेऊन 100 वेळा पाण्याने धुतलेलं, पांढरंशुभ्र, लोण्यापेक्षा हलकं, हात भरून आले होते तिचे. त्यातलं अर्धं मी मावशींना दिलं. त्या आधी घेईनात. मग एका पानात बांधून दिलं. आठ दिवसांनी येऊन त्यांनी मला बोटं दाखवली, लहान मुलं दाखवतात तशी दोन्ही हात पुढे करून. आणि पुढे सव्वा महिना त्यांनी माझ्या पोरीला नुसत्या खोबरेलने असं न्हाऊ घातलं की ती पायावरच झोपायची. आत्यासुद्धा नंतर काही बोलली नाही. एकदा रात्री उठून पोरीच्या पाठीवरचे डाग बघत बसली होती, मी झोपल्याचं सोंग केलं.

हे एवढं टाइप करेपर्यंत साडेदहा वाजले. मधेच राहवलं नाही म्हणून नणंदेला मेसेज टाकला, की दुपारी बोलले नाही, चुकलं माझं, पिठाबद्दल तुला एकटीलाच काहीतरी सांगायचंय. तिचं लगेच उत्तर आलं. "वहिनी, जागीच आहे. बाळाच्या काखेखाली लाल झालंय आणि हात लावला की रडते. आईला सांगितलं तर म्हणते उष्णता आहे. फोटो पाठवू का?"

फोटो बघितला. फोन केला तिला. ती हळू आवाजात बोलत होती, शेजारी काकू, म्हणजे तिची आई, माझ्या चुलत सासूबाई, झोपलेल्या. म्हटलं उद्या पीठ नाही, आंघोळ पण नाही, कोमट पाण्याने पुसून घे आणि मोकळं ठेव. रात्रीत अंग गरम लागलं किंवा पिणं कमी झालं तर वाट बघू नकोस, तेव्हाच निघायचं, कितीही वाजलेले असू देत मला उठव. नाहीतर सकाळी उघडल्या उघडल्या पहिला नंबर आपलाच. काकूंशी मी बोलते, त्यांना वाईट वाटलं तर माझ्यावर वाटू दे. नऊला मी रिक्षा घेऊन खाली उभी राहणार आहे, येताना लॅनोलिनची ट्यूब पण घेते, कारण फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, वहिनी अजून एक विचारायचं होतं, पाजताना एवढं दुखतं का सगळ्यांना.