दाद न देणारे परजीवी आणि माझं 'कागदी' गणित

मलेरियाचं औषध निकामी कसं होतं यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू! तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रुग्ण गोळ्या अर्धवट सोडतात म्हणून मलेरियाचे परजीवी औषधाला दाद देईनासे होतात, हे सांगायला समीकरणं कशाला? शिवाय आग्नेय आशिया आणि आफ्रिका यांना एकाच गणितात कोंबणं हा कागदी खेळ आहे.

गणित इतकं लहान आहे की इथेच मांडतो. आकडे मी सोयीसाठी घेतलेत. समजा, 100 संसर्गांपैकी 25 जणांना औषध मिळतं. साधे परजीवी त्या 25 जणांत मरतात, 75 जणांत उरतात. दाद न देणारे सगळीकडे तगतात, पण जनुकातल्या बदलापायी त्यांची वाढ थोडी मंदावते. ती तूट 10 टक्के धरली तर त्यांचे 90. म्हणजे माणूस-डास-माणूस अशा एका फेरीत त्यांचं साध्यांशी असलेलं प्रमाण 90 भागिले 75, म्हणजे 1.2 पटीने वाढतं. दोन महिन्यांची एक फेरी धरा: वर्षाला जवळजवळ तिप्पट.

आता हजाराला एक अशी सुरुवात करा. चौथ्या वर्षाअखेर त्यांचा वाटा साडेसात टक्क्यांच्या आसपास, आणि आठव्या वर्षाअखेर सुमारे 87. निम्मा काळ सगळं आलबेल दिसतं आणि उरलेल्या निम्म्यात औषध हातचं जातं. 'अजून तर गोळ्या लागू पडतायत' या वाक्याची मला धास्ती वाटते ती याचमुळे. आणि औषध 25 ऐवजी 10 जणांनाच मिळालं तर? 90 ला 90. वाढच नाही.

आता अर्धवट गोळ्या. त्यांचा हातभार मी नाकारत नाही. पण क्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषध रक्तात कित्येक आठवडे रेंगाळतं. एखाद्याने अगदी शहाण्यासारखा पूर्ण कोर्स घेतला, बरा झाला आणि चौथ्या आठवड्यात त्याला पुन्हा डास चावला. उरल्यासुरल्या औषधात साधा परजीवी टिकत नाही, थोडंफार सोसणाऱ्याला मात्र मोकळं रान मिळतं. यात त्या माणसाची काय चूक? सगळं खापर रुग्णावर फोडायला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठी.

बरं, हे गणित उलटंही चालतं. आफ्रिकेतल्या मलावी या देशाने 1993 मध्ये क्लोरोक्विन थांबवलं. 1992 मध्ये 85 टक्के नमुन्यांत दिसणारा प्रतिरोधाचा जनुकीय बदल 2000 पर्यंत 13 टक्क्यांवर आला. यातून तूट काढली तर दर फेरीला सात टक्क्यांच्या जवळपास येते, माझ्या दहापेक्षा कमी. म्हणजे माझा आकडा भडक होता, दिशा बरोबर. (परजीवी 'सुधारले' असं मात्र नाही, तग धरून राहिलेले साधेच पुन्हा फोफावले.) आग्नेय आशियात असं झालं नाही. मलेरियाच्या परजीवींच्या व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम अशा दोन जाती आहेत, आणि हे सगळं गणित फाल्सिपेरमचं. तिथे व्हायवॅक्स मलेरियासाठी क्लोरोक्विन चालूच राहिलं आणि फाल्सिपेरमवरचा औषधाचा दाब हटला नाही.

आग्नेय आशिया आणि आफ्रिका या मुद्द्यावर मात्र तुम्ही मला पकडलंत. जिथे डास सतत चावतात तिथे अनेक मोठ्या माणसांत परजीवी असतात, पण अंगात थोडी प्रतिकारशक्ती मुरल्याने ताप येत नाही, म्हणून ती औषध घेत नाहीत. साध्या परजीवींना तिथे आसरा मिळतो. आग्नेय आशियात संसर्ग कमी, पण झाला की माणूस आजारी पडतो आणि गोळी घेतो. तिथला 25 चा आकडा कितीतरी वर जातो. क्लोरोक्विनला दाद न देणारे परजीवी 1950 च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर दिसले आणि आफ्रिकेत पोचायला 1970 चं दशक सरत आलं. नंतरच्या आर्टेमिसिनिन या औषधाचंही आधी पश्चिम कंबोडियातच बिनसलं. यावरून मी लेखात ठोकून दिलं होतं की पुढचा धोकाही तिकडूनच येणार. पण आफ्रिकेतल्या रवांडा आणि युगांडात आर्टेमिसिनिनला दाद न देऊ देणारे, परजीवीच्या केल्च-13 जनुकातले बदल तिथल्या तिथेच उगवले, कुठून आयात झाले नाहीत. माझ्या गणितात नवा बदल उगवण्याला जागाच नव्हती. उगवलेला पसरतो कसा, एवढंच त्यात होतं. हे दोन प्रश्न मी एकात कालवले.

मूळ लेखातलं 'पुढचा धोका तिकडूनच' हे वाक्य खोडतोय. लेखातल्या आलेखावर मी 'अंदाज' असं लिहिलं होतं, तिथे 'उदाहरणादाखल' करतोय.